बूटपॉलिशच्या डबीतले खिळे

आई,

तुझ्या नातीची पुन्हा बदली झाली. तुझी नात म्हणजे माझी लेक, जी तुझ्या शेजारी पाटावर बसून लसूण सोलायची आणि सोललेल्यातल्या अर्ध्या पाकळ्या फ्रॉकच्या खिशात घालायची, ती आता सैन्यात मेजर आहे. तू असतीस तर आधी तिच्या केसांचं काय केलं ते विचारलं असतंस. अंबाड्यात बसतात गं, काळजी करू नकोस. बाबा नोकरीच्या शेवटी शेवटी सुभेदार झाले तेव्हा तू गावभर पेढे वाटलेस. ही पोर अधिकारी म्हणूनच लागली आणि पहिल्याच दिवशी हुद्द्याने बाबांच्या वर गेली. ते असते तर त्यांनी तिला ओटीवरच कडक सॅल्यूट ठोकला असता आणि मग माझ्याकडे बघून मिशीत हसले असते, कारण सैन्य आणि बदली या दोन शब्दांचा मला किती तिटकारा ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

तुला आठवतंय ना, लग्नाच्या वेळी माझी एकच अट होती? मुलगा काळा चालेल, बुटका चालेल, पण त्याची बदली होता कामा नये. म्हणून तर रत्नागिरीतलं चष्म्याचं दुकान मला एखाद्या बंगल्याहून मोठं वाटलं. ह्यांना बघून गेल्यावर तू म्हणालीस, "दुकान जाग्यावर हाय त्ये बरंच, पन मानूस बी जाग्यावरनं उठंना वाटतं." तुझं म्हणणं खरं ठरलं. हे दुकानातल्या खुर्चीतून उठतात ते घरच्या खुर्चीत बसायला. पण मी सुखी झाले. नाचणे गावाच्या बाजूला चिऱ्याचं घर बांधलं आणि पहिलं काय केलं, तर हातोडी घेतली. कॅलेंडरला खिळा, छत्र्यांना खिळा, चाळणीला खिळा, ह्यांच्या टोपीला खिळा. चिऱ्यात खिळा कधी सुळकन जातो, कधी वाकडा होऊन परत येतो, पण मी सोडला नाही. हे म्हणायचे, अगो, भिंत आहे का किसणी? मी म्हणायचे, माझी भिंत आहे, मी काय वाट्टेल ते करीन.

तुझ्याकडे खिळे होते मोजके. बाबांच्या बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत ते राहायचे आणि त्यांनी माझ्यापेक्षा जास्त देश पाहिला होता. नव्या क्वार्टरमध्ये शिरलं की ट्रंका उघडायच्या आधी तू डबी उघडायचीस. देवांना एक, आरशाला एक, बाबांच्या गणवेशाला दोन, आणि खाली, माझ्या हाताला येईल असा, माझ्या दप्तराला एक. "पोरीचा खिळा लागला, आता आपलं घर," असं म्हणून तू चुलीकडे वळायचीस. तोवर शेजारची कुणी पंजाबीण किंवा गढवाली बाई झाकलेलं ताट घेऊन दारात आलेली असायची, कारण आलेल्याला पहिलं जेवण शेजाऱ्यांनी द्यायचं ही छावणीची रीतच. तू तिला रिकामं ताट परत द्यायची नाहीस. त्यात कोकमाची सोलं किंवा कुळथाचं पीठ घालायचीस आणि त्या बिचाऱ्या ते हुंगत हुंगत घरी जायच्या. एकीने सोलकढी म्हणून जे केलं होतं ते बाबांनी शिस्त म्हणून प्यायलं.

आणि निघायच्या वेळी सगळं उलटं. सरकारी क्वार्टर सोडायचं म्हणजे मार्चिंग आऊट. बांधकाम खात्याचा माणूस येणार, दिवे बघणार, नळ सोडून बघणार, काचा बघणार, भिंतीवरून हात फिरवणार, आणि काही फुटलं-तुटलं असेल तर ते बाबांच्या पगारातून जाणार. म्हणून तू खिळे उपटायचीस, पाट्यावर ठेवून वरवंट्याने सरळ करायचीस आणि डबीत टाकायचीस. मग पांढऱ्या साबणाची वडी घेऊन प्रत्येक भोकावर घासायचीस, अंगठ्याने दाबायचीस, वर चुन्याचं बोट. जबलपूरला तो आषाढातला दिवस आठवतो का? छत गळत होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तपासणीचा माणूस आत येतो, बाबा ताठ उभे, आणि देवांच्या भिंतीवरून पाण्याचा ओघळ येऊन साबणाच्या भोकातून बुडबुडे यायला लागतात. आधी एक, मग दुसऱ्या भोकातून, मग भिंतीला चांगला फेस येतो. तो माणूस भिंतीजवळ वाकतो आणि म्हणतो, "भाभीजी, ये दीवार नहा रही है क्या?" बाबांचे कान लाल. आणि तू, पदर खोचलेली, एका क्षणाचाही विचार न करता म्हणतेस, "हां तो! हम लोग जाता है ना. हमारे घर का सगळा आंघोळ करकेच निघता है." तो हसत हसत खाली बसला. त्याने सही केली, चहा प्यायला आणि वर तुझ्याकडून कोकम घेऊन गेला.

ही गोष्ट मी आताच का लिहिली ते सांगते. लेकीची नेमणूक होती सीमेजवळ, जावईही सैन्यात आणि तो दुसऱ्या टोकाला. तिथे मुलांना नेता येत नाही. म्हणून त्यांची मुलगी, म्हणजे तुझी पणती, दोन वर्षं माझ्याकडे होती. आली तेव्हा पहिलीत, आता तिसरीत जाईल. आली त्या संध्याकाळी रडत होती, दप्तर काही केल्या खाली ठेवेना. मला दुसरं काही सुचलं नाही. कपाटातून तुझी डबी काढली आणि हॉलमध्ये खाली, तिच्या हाताला येईल असा एक खिळा ठोकला. त्यावर दप्तर लटकलं आणि रडं थांबलं. तेव्हापासून रोज झोपताना तिला तुझी एक गोष्ट. फिरोजपूरची थंडी, बोगीभर घमघमलेलं सुकट, नहाणारी भिंत. नहाणारी भिंत तर तिने मला इतक्या वेळा सांगायला लावली की शेवटी तुझं वाक्य आलं की ती आणि हे दोघं एका सुरात म्हणायचे. मी आपली खूश, पोर रमली म्हणून.

मार्चमध्ये लेकीचा फोन आला. "आई, तेजपूर मिळालं. पीस स्टेशन आहे, क्वार्टर आहे, शाळाही आहे. ह्या वेळी तिला घेऊन जाणार." मी म्हटलं, छान. आणि फोन ठेवून सरळ मोहिमेला लागले. रोज तिच्या आवडीची कोलंबी. रविवारी भाट्याला किनाऱ्यावर. तिच्या बाईंना जाता-येता विचारायचं, वर्गात किती छान रमलीय ना, आणि लेकीला कळवायचं की बाईसुद्धा असं म्हणतात. मेमध्ये आंब्याची पहिली अढी पिकली तशी मी तिच्यासमोर हापूस कापत म्हणाले, "आसामात आंबा कसला मिळतोय! मिळाला तरी आंबटढाण." ह्यांनी वर्तमानपत्राआडून म्हटलं, "अगो, तुझ्या आईने बघितलं तर काय म्हणेल?" मी त्यांना दुकानात पाठवून दिलं.

लेक न्यायला आली ती तुझ्यासारखीच, आल्या आल्या पदर नसताना पदर खोचल्यासारखी स्वयंपाकघरात. मी मुद्दे तयार ठेवले होते. तिसरी शाळा होईल. तिकडे पुन्हा दोन-तीन वर्षांनी बदली. इथे घर, इथे आम्ही, इथे सगळं जाग्यावर. ती ऐकत ऐकत फणसाचे गरे सोडवत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू मनापासून नको म्हणालीस तर मी एक वर्ष तिला ठेवते. रागावून नाही, खरंच ठेवते. तुझ्याकडे ती चांगली राहिलीय. पण एक सांग, तुला कुणी गावाला ठेवलं होतं का?" मेजर झालेल्या माणसाने सरळ वार करावा, हा कसला प्रकार! मी गरे उचलले आणि पडवीत जाऊन बसले.

मग मला ते खळं आठवलं. संगमेश्वराच्या आतलं आपलं गाव, घरासमोर सारवलेलं खळं, तू खाली बसून वळकटी बांधतेयस. बाबांना फिरोजपूर मिळालंय. मी दहा वर्षांची असेन, पायरीवर बसलेय. मोठे काका सगळ्यांच्या वतीने बोलतात, "तुमचं ह्ये इंचवाचं बिऱ्हाड. पोरीला कशाला फरफटवताव? हितं ऱ्हाऊं दे, शाळा व्हईल सुखानं." सगळे माना डोलावतात. काकांचं काही चुकत नव्हतं, माझ्यावर त्यांची मायाच होती. बदल्यांना मी जन्मभर नावं ठेवली, पण त्या वेळी मला एकच भीती होती, की तू हो म्हणशील. तू दोरी दातात धरून गाठ मारलीस, ती ओढून घट्ट केलीस आणि मग बोललीस, "ट्रंका न्यायच्या नि पोर ठेवायची? ह्यो कुठला न्याव, भावजी? शाळा काय, तिकडं पन असंल. मास्तर काय आपल्याच गावात पिकतात?" मी पायरीवरून उडी मारून तुझ्या वळकटीवर जाऊन बसले आणि तू मला तिथेच बांधायची धमकी दिलीस. तुझी साथ मला या भांडणात मिळणार नाही हे मला मार्चपासून माहीत होतं, आई. म्हणूनच मी तुझं नाव मध्ये येऊ देत नव्हते.

तरीही मी दोन दिवस लेकीला उत्तर दिलं नाही. लहानपणभर मी निघणाऱ्यांतली होते, मागे राहणं काय असतं ते या वयात शिकायचं म्हणजे जड गेलं. रडलेही थोडी, विहिरीच्या बाजूला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि पणती येऊन दारात उभी राहिली. एका हातात दप्तर, चेहरा अगदी कामाचा. म्हणाली, "आजी, पांढरा साबण कुठाय?"

"कशाला गं?"

"आपलं मार्चिंग आऊट आहे ना. खिळा काढायला आजोबांना सांगितलंय, ते उठतायत."

म्हणजे बघ, मी कोलंबी आणि हापूस घेऊन लढत होते आणि रोज झोपताना तूच तिला फितवत होतीस. खिळा निघाला. हे खरोखरच खुर्चीतून उठले होते. तिने तो पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकला, बोटावर एकदा बसला, ओरडली नाही. मग साबण घासला, अंगठ्याने दाबला आणि मागे सरून डोळे बारीक करून बघितलं, तुझी शपथ, अगदी तुझ्यासारखं. "तिकडे भिंतीला खिळा मारू देतात का, आजी?" हे विचारताना तिने दप्तर पोटाशी धरलं. मी पिठाच्या हातानेच कपाट उघडलं, तुझी डबी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "नाही म्हणून सांगतायत कुणाला! आधी तुझ्या दप्तराचा मार, मग बाकीचे." स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. तिला उत्तर मिळालं. ती येऊन उरलेल्या भाकऱ्या थापायला बसली, आणि त्या नेहमीप्रमाणे वाकड्या झाल्या.

गेली गं ती. रत्नागिरीहून गाडीने मुंबई आणि पुढे विमान. विमानात खिळे हातात नेता येत नाहीत म्हटल्यावर तिने स्टेशनवर थोडा तमाशा केला, मग डबी मोठ्या बॅगेत सोलांच्या पुड्याशेजारी गेली. पोचल्यावर फोन आला. पहिलं जेवण शेजारच्या मणिपुरी बाईंनी आणलं, रिकामं ताट परत दिलं नाही, आणि खिळा लागला. पलीकडून ती ओरडून सांगत होती आणि इकडे हे फोनला कान लावून आपल्याला सगळं कळतंय असं दाखवत होते. मी हसले, खूप हसले. घर मात्र मोठं झालंय.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच आहे. तुझी शेवटची बदली कुठे झाली त्याची ऑर्डर आम्हाला कुणी दाखवली नाही. तेव्हा ते तुझ्या ट्रंकेत, माझ्या लुगड्यांच्या खाली राहील. बाबा तिथेच असतील तर त्यांनाही वाच, पण शेवटचं एवढं सोडून वाच, कारण त्यांच्या शिस्तीत ते बसायचं नाही. निघायच्या आदल्या रात्री, पोर झोपल्यावर, मी डबीतला एक खिळा काढून परकराच्या नाडीला खोचला होता. गाडी गेली त्या संध्याकाळी केसातल्या आकड्याने भिंतीतला साबण कोरून काढला आणि त्याच भोकात तो ठोकला. ह्यांच्या मांडीला लागतो. विचारतात, इतक्या खाली कशाला? मी सांगते, दिवाळीच्या सुट्टीत येईल तेव्हा दप्तर कुठे ठेवेल ती?