पांढरे ठिपके आणि चुनाबंदी

३ ऑक्टोबर १९६८, नंदुरबार
मुंबईहून परतले. डाव्या स्तनाचा क्ष-किरण फोटो काढला. गाठ नाही, कॅल्शियमचे बारीक पांढरे ठिपके आहेत. डॉक्टर म्हणाले, असे ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात, पण हे एका जागी दाटलेत. पंधरवड्यात या, छोटा तुकडा काढून तपासू. तरुण आहे, घाई करतो. मी भ्याले नाही. कॅल्शियम म्हणजे चुना. कारण दूर केले की कार्य थांबते. इंटरला मला लॉजिक होते.

५ ऑक्टोबर
घरात चुनाबंदी. जेवणानंतरचे पान बंद. दूध बंद. दारच्या विहिरीचे पाणी बंद. किटलीत पांढरा थर उगीच बसत नाही. पाणी गावाबाहेरच्या गोड्या विहिरीचे. ते आणायचे काम स्वयंपाकीण दगूबाईकडे. तिची तंबाखू-चुन्याची डबी जप्त. ती म्हणाली, "बाई, चुना मी खास, अन् ठिपका तुमले?" अडाणी प्रश्न. 

१२ ऑक्टोबर
प्रकृती उत्तम. ठिपके विरघळत असावेत. शेजारच्या सोहनबाई, कापड दुकानवाल्या, म्हणाल्या, तिकिटे काढते, मीही येते. दिवाळीच्या तोंडावर घर टाकून जाता येत नाही.

२० ऑक्टोबर
भिंतींना चुना लावायला आलेला माणूस दारातून परत पाठवला. गल्लीत आमचेच घर पोपडे धरून. पंधरवडा उलटला. डॉक्टरांनी तो अंदाजे सांगितला असणार.

४ नोव्हेंबर
सोहनबाई ट्रंक घेऊनच आल्या. म्हणाल्या, "अख्ख्या शाळेला देवी टोचून घ्यायला लावणारी हेडमास्तरीण तुम्ही, आणि आता भिंतीच्या चुन्याला भिता?" त्यांनी मुंबई पाहिलेली नाही. केवळ म्हणून निघते आहे.

७ नोव्हेंबर, मुंबई
नवा फोटो. ठिपके तेवढेच, तिथेच. खाण्यातला चुना तिथे जात नाही, असे डॉक्टर म्हणाले. मला ते ठाऊक होते. खात्री करून घेतली. तुकडा काढला. सोहनबाई फार घाबरल्या होत्या, म्हणून आत नेईपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला. नर्सने माझी बोटे सोडवली तेव्हा त्यांची लाखेची बांगडी पिचलेली होती.

१६ नोव्हेंबर, नंदुरबार
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. दगूबाईला डबी परत दिली. दुसरी तिने जप्तीच्याच दिवशी घेतली होती म्हणे. मग पाण्याचे विचारले. म्हणाली, "तेवढा लांबथून कोन आनी, बाई? आपलीच इहीरनं व्हतं."
पान मागवले. चुन्यासकट.