यादीतलं माझं नाव

तुला कुणी सांगितलं होतं माझं नाव सरकारच्या यादीत घालायला? पुण्यात बसून मोबाइलवर दोन बोटं फिरवलीस आणि इकडे हिंदी मुलखात, इंद्रपुरीत, मी 'अकेली बुजुर्ग' झाले. चौऱ्याहत्तर वर्षांत माझं काही एवढं झटपट झालं नव्हतं, लग्नसुद्धा.

असो. चिरंजीव अंबरीशला आजीचे आशीर्वाद. पोट बरं आहे ना? बाहेरचं खाणं कमी कर. माझे गुडघे जागेवर आहेत, याहून चांगलं त्यांच्याबद्दल बोलवत नाही. (फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपर्यंतच. काना-मात्रा चुकली तर तू शिकलेला आहेस, सुधारून घे.)

तर गेल्या महिन्यात एका गुरुवारी केतकी नावाची मुलगी दारात आली. गळ्यात सरकारी ओळखपत्र, हातात बीपीचं मशीन. म्हणे, जिल्ह्यात जे म्हातारे एकटे आहेत, ज्यांची विचारपूस करणारं कुणी नाही, त्यांना दर गुरुवारी भेटायचं. मी म्हटलं, बाई, पत्ता चुकलीस. तिने कागद दाखवला. नाव माझं, घर माझं, आणि 'देखभाल करनेवाला' या रकान्यात 'कोई नहीं'. खाली अर्ज भरणारा म्हणून तू. आता भरणारा तू, तर 'कोई नहीं' कोण? तुझे आईबाप गेल्यावर बारा वर्षं ज्याचं नाक या पदराने पुसलं, तो कोण होता मग?

मुलीवर काय ओरडणार. चहा दिला. बीपी चढलेलं निघालं, ते तुझ्या खात्यावर.

मग मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे गेले. शेजारचे गजाननराव (कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांना कुणाचंही काम चालतं) स्कूटरवर घेऊन गेले. वाटेत प्रत्येक खड्डा त्यांनी मला आधी दाखवला आणि मग त्यातूनच नेलं. टोकन मिळालं त्रेसष्ट. उपासाची भगर डब्यात होती, ती एकोणचाळीस नंबरलाच संपली, कारण बाकावरच्या तिघी म्हाताऱ्यांना भगर म्हणजे काय ते चाखूनच कळणार होतं. त्या तिघी यादीत नाव घालायला आल्या होत्या. मी काढायला आलेय म्हटल्यावर, डोक्यावर परिणाम झालाय अशा नजरेने एकीने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

खिडकीवरचा बाबूही गोंधळला. त्याच्याकडे नाव जोडण्याचा फॉर्म होता, काढण्याचा नव्हता. नाव दोनच कारणांनी कटतं म्हणाला, एक जिल्हा सोडला तर, नाहीतर जग सोडलं तर. मी म्हटलं, तिसरं लिही, नातू आहे. त्याने विचारलं, कुठे असतो? पुण्यात. शेवटचा कधी आला होता? आता माणसाने सगळ्याच प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात. मी म्हटलं, साहेबांना भेटव.

साहेब तुझ्याच वयाचे, दाढीही तुझ्यासारखीच अर्धवट. त्यांच्या मागच्या भिंतीवर हातभर अक्षरांत जिल्ह्याचं ध्येय लिहिलेलं. मला अक्षर अक्षर लावायला वेळ लागतो, पण वाचलं. 'जिले का कोई बुजुर्ग अकेला नहीं'. मी विचारलं, भिंत म्हणते कुणी एकटं नाही आणि तुमचा बाबू म्हणतो यादीत माणसं चारशे बारा, तर खोटं कोण? त्यांनी मान वळवून भिंत वाचली. (रोज पाठ करून बसतात, त्यांना कशी दिसणार.) मग हळूच म्हणाले, "माताजी, दीवार पर हमारा इरादा लिखा है. सूची में हमारा काम."

मला पटलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

येताना तेच डोक्यात घोळत होतं. 'दिवाळीला नक्की येतो आजी' हा तुझा इरादा, तीन वर्षं भिंतीवर आहे. काम तेवढं तू सरकारकडे सोपवलंस. रागावून लिहीत नाही. काळजीपोटीच केलंस, एवढं चौथी पास बाईलाही कळतं. लहानपणी खोटं बोललास की जेवण जायचं नाही तुला. 'कोई नहीं' लिहिलंस त्या दिवशी जेवलास का, तेवढं कळव. रेशनकार्डावर तुझं नाव अजून आहे. माझ्याकडेही नाव जोडलं जातं, कटत नाही.

तर साहेबांनी तोड काढली. 'कोई नहीं' खोडून तिथे देखभाल करणाऱ्याचं नाव घालता येतं, पण सहीला घरचा माणूस मंगळवारी समोर हजर पाहिजे. तेव्हा सोमवारी पोचेल अशी गाडी बघ.

तुझी आजी,
मनोरमा

ता. क. यादीतून नाव मात्र काढायचं नाही. केतकी दर गुरुवारी येते. थालीपीठ आवडतं तिला, आणि उपाशी फिरते दिवसभर. तिची देखभाल मी करते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते विचारायचं राहिलं.

आणखी ता. क. घरचा माणूस हजर पाहिजे असं साहेब काही म्हणाले नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे पेनाने खोडलं आणि विचारलं, "किसका नाम लिखूँ?" मी तुझं सांगितलं. ते लिहून शिक्का बसला आहे. आता सरकारी कागद खोटा पाडायचा की नाही, ते तू ठरव. उत्तर तूच द्यायचं. सायलीकडून फोन करवायचा नाही (नातसून गोड बोलते आणि मी विसरते कशाला भांडत होते ते). आणि पत्र नको. दारात उभं राहून दे.