चिमणीचा झगा

३ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मला एक झगा हवा आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच.

आमच्या वृंदगानाचा उन्हाळी कार्यक्रम मेच्या शेवटच्या शनिवारी बागेतल्या उघड्या रंगमंचावर आहे. आजवर तालमी मी घ्यायच्या आणि कार्यक्रमाच्या दिवशी संगीत महाविद्यालयातल्या सडपातळ प्राध्यापकांनी येऊन समोर हात हलवायचे, असंच चालत आलंय. मी आपली पडद्याआड जीव मुठीत धरून उभी. यंदा समितीने मलाच समोर उभं राहायला सांगितलंय. वहिनी, मला ते हवंय, फार हवंय. गाण्याची भीती नाही, चाळीस गळे मी बोटावर नाचवते. भीती आहे ती आरशाची.

मासिकात उन्हाळी कपड्यांवर लेख आलाय. त्यात बायकांची फळं केलीत. कुणी सफरचंद, कुणी नासपती. मी वरून बोर आणि खालून भोपळा, माझ्यासाठी त्या पानावर जागाच नाही. माझे ते करडे, जाड, ढगळ सदरे घालून उन्हात उभी राहिले तर दुसऱ्या गाण्यालाच घेरी येईल. तेव्हा पोट झाकेल आणि जीव घुसमटवणार नाही असं काहीतरी शिव. जमणार नसेल तर स्पष्ट सांग, समितीला द्यायचं नकाराचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलंय. दादाला यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस, तो जन्मभर चिडवेल.

कळावे. लोभ आहेच, तो जरा घेरदार असावा.

तुझी,
चिमणी (आता कसली चिमणी!)


९ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

ते फळांचं पान रद्दीत टाक. इतकी वर्षं दुकान चालवतेय, अजून एकही नासपती माप द्यायला आलेली नाही.

सोबतच्या पुडक्यात जुन्या चादरीचा कच्चा झगा आहे, नुसत्या लांब टाक्यांचा. अंगात घाल, सैल वाटेल तिथे टाचण्या लाव आणि तसाच परत पाठव. तुझे खांदे नाजूक, म्हणून गळा रुंद ठेवलाय. पोटाशी एकही चुणी नाही. चुण्यांनी पोट झाकतं हा बायकांचा गोड गैरसमज आहे, उलट जाहिरात होते. कंबर छातीच्या जरा खाली घेतलीय, तू खरी बारीक तिथेच आहेस. त्याखाली कळ्या जोडल्यात, वर निमुळत्या, खाली पसरट, म्हणजे घेर पायाशी येईल. पक्का झगा गडद निळ्या सुती कापडाचा करू.

दादाला सांगणार नाही. तू मात्र समितीला होकार कळव.

तब्येतीला जप. माया आहेच, ती वाढती राहो.

तुझी वहिनी


१६ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

टाचण्या लावून पुडकं परत पाठवलंय. वहिनी, काय दिसतेय म्हणून सांगू! आरशासमोर मी चक्क सडपातळ होते. तरी होकार अजून कळवला नाही, महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतलीय. झगा अंगावर चढेपर्यंत माझा माझ्यावर भरवसा नाही.

लोभ असावा, आणि कात्री जपून चालवावी.

चिमणी


२१ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. आ.

आशीर्वाद दिले, आता बोलणी खा. टाचण्या लावताना तू श्वास रोखून पोट आत ओढलं होतंस. नाही म्हणू नकोस, कापड माझ्याशी खोटं बोलत नाही. एवढ्या कंबरेत तुला सा लावता येणार नाही, गाणं तर दूरच.

चादर टेबलावर पसरून मी तुझ्या पोटाशी झगडत बसले होते, तेवढ्यात तुझा दादा चहा विचारायला आला. हे काय चाललंय म्हणाला. माझा नाइलाज झाला, सांगून टाकलं. चिडव म्हटलं किती चिडवायचं ते. तर तो म्हणाला की, गाणाऱ्या बायकांकडे तोंड करून चिमणी उभी राहणार, मग लोकांकडे तिची पाठ नाही का?

मी कात्री खाली ठेवली. अगं, आपण दोघी किती शहाण्या! पोटावर इतका कागद खर्च केला, पण ते बघणार कोण? तुझ्याच बायका, ज्यांनी ते वर्षानुवर्षं पाहिलंय. आणि हे सुचलं कुणाला, तर चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माणसाला. एरवी त्याचा काखेत कळसा नि गावाला वळसा असतो, या खेपेला आपला होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू शाळकरी होतीस. तुझा पहिला झगा मीच शिवला, म्हणून सांगते, तुझी पाठ तेव्हाही छडीसारखी सरळ होती आणि आजही आहे. अशी देखणी पाठ माझ्या दुकानात दुसरी आली नाही. तुला ती माहीत नाही, कारण स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही.

तेव्हा आता मागचा गळा खोल घेतेय. हात उचलले की झगा मागून वर चढतो, म्हणून काखेत चौकोनी तुकडा घातलाय. दुसरी चादर पाठवतेय. टाचण्या दुसऱ्या कुणाकडून लावून घे, हात वर करून, गाणं चालू असताना. आणि श्वास सोड, बाई!

रागावले तरी तुझीच,
वहिनी


२८ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

टाचण्या आमच्या वृंदातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लावल्या. मुळीच दुखणार नाही म्हणाल्या आणि दोनदा टाचणी टोचली. मी चादर नेसून हात हलवत होते आणि चाळीसजणी हसू दाबून गात होत्या. मग त्यांनी पुढून-मागून दोन आरसे धरून मला माझी पाठ दाखवली. वहिनी, ही कोण बाई, असंच मला वाटलं. तिच्याशी ओळख करून घ्यावीशी वाटली.

आज समितीला होकार कळवला. नकाराचं पत्र फाडून त्यात उरलेल्या टाचण्या गुंडाळल्यात.

दादाला सांग, जन्मभर चिडवायची मुभा आहे.

चिमणी


मेचा शेवटचा रविवार

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि. आणि वर एक घट्ट मिठी.

जिंकलो! तुला गिऱ्हाइकांनी सोडलं नाही याची रुखरुख आहे, म्हणून सगळं लिहिते. ऊन होतं, वारा होता, घेर पायाशी हलत होता आणि हात वर केले तरी झगा काखेत कुठे म्हणजे कुठे अडला नाही. तिसऱ्या गाण्यापर्यंत झगा अंगात आहे हेच मी विसरले. दादाने शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणे सांगितलं की, ती समोरची पाठ आमच्या घरची आहे. आपले सडपातळ प्राध्यापक पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर विचारत आले की, तुमची वहिनी पुरुषांचे कोट शिवते का, कारण हात वर केला की त्यांचा कोट कानाला लागतो.

शेवटच्या गाण्यानंतर टाळ्या थांबेनात. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा कळलं की आता वळून लोकांना नमस्कार करायचाय. वळले. तो क्षण कुणीतरी टिपला आणि फोटो आज सकाळी हातात आला. सगळे दात दिसताहेत, केस विस्कटलेत आणि पोट जिथे असायचं तिथेच आहे. ते आत ओढायचं मी साफ विसरले होते.

फोटो सोबत पाठवतेय. समोरून काढलेला आहे. दुकानात लाव, दारातून येणाऱ्या प्रत्येकीला दिसेल असा.

लोभ मिळाला, पुरून उरला.

तुझी,
चिमणी