चावी बायकोच्या हातात

अहो,

नुसतं 'अहो' लिहितेय. वर 'प्रिय' लिहायचं असतं हे मला माहीत आहे, आपल्या सुनीताच्या शाळेच्या पुस्तकात तसंच होतं. पण सहा वर्षं झाली तरी तुमच्यासाठी तो शब्द लिहायला माझा हात वळत नाही. खोटं कशाला लिहू?

काल नाक्यावरच्या चौकीतून निरोप आला. चौकी नव्या इमारतीत जातेय, भिंतीच्या खिळ्यांना जुन्या चाव्या लटकल्यात, त्यात एक तुमच्या नावाची आहे, येऊन घेऊन जा. आज सकाळी गेले आणि घेऊन आले. ती समोर ठेवूनच लिहितेय. चावीला गंज चढलाय, पण तुमच्या नावाची चिठ्ठी अजून दोऱ्याला आहे. तुमच्यापेक्षा दोरा टिकाऊ निघाला!

आपण धुळ्याहून इथे आलो तेव्हा काय थाट होता तुमचा! सायली गावातल्या कारखान्यात फिटर, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, दारात फटफटी. इथे कारखान्यांना कर माफ म्हणून रोज एक नवी शेड उभी राहायची, आणि प्रत्येक शेडमागे रस्त्यावर एक बार. नाक्यापलीकडे गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे रविवार आला की तिकडच्या गाड्यांची रांग इकडे. घरी देवापुढे हात जोडणारी माणसं इथे भर दुपारी गटारात पाय सोडून बसलेली मी पाहिलीत. मी त्यांना हसायचे. मग कळलं, आपल्या घरचा माणूसही त्याच गटाराच्या काठी बसतो, फक्त त्याला घरी जायला अंतर कमी.

त्या गाड्या पिऊन परत निघायच्या आणि रस्त्यावरच्या लोकांना उडवायच्या. तेव्हा पोलिसांनी नाक्यावर अडवायला सुरुवात केली. मशीन वगैरे काही नव्हतं. छगन जमादार चेहरा पुढे करायचा आणि म्हणायचा, "फुंक मार." दिवसभर लोकांच्या तोंडाचे वास घ्यायची नोकरी! मला तर त्याची कीव यायची.

दंड करून काही होत नाही हे जमादाराला लवकर कळलं. माणूस दंड भरतो आणि त्या दुःखात अजून पितो. म्हणून त्याने स्वतःची एक रीत काढली. कायद्यात असलं काही नव्हतं. प्यायलेल्या माणसाची चावी काढून घ्यायची, चिठ्ठी बांधून खिळ्याला लावायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती फक्त त्याच्या बायकोच्या हातात द्यायची. "चावी तुमाला नाय भेटणार, भाई. उद्या बेनला पाठवा." त्याला वाटायचं, पोलिसाला न भिणारा माणूस बायकोपुढे तरी लाजेल. जमादार भला माणूस होता. पण बायकोपुढे नवऱ्याला लाज वाटते, हे त्याला कोणी सांगितलं होतं?

तुम्ही लाजलात? तुम्ही चहाची बशी खाली ठेवत म्हणालात, "लवकर जा, मला ड्यूटीला उशीर होतोय."

मी गेले. चौकीबाहेर बाक होता, त्यावर बायका बसलेल्या. सगळ्यांनी पदर पुढे ओढलेले, जणू दारू आम्हीच प्यायलो होतो. फक्त टेम्पोवाल्याची शांताबेन डोकं उघडं टाकून बसली होती. मला म्हणाली, "पहिल्यांदा आलीस? सरक, बस. माझी सातवी वेळ." मग आत बघून ओरडली, "ओ जमादार, मला आता वर्दी तरी द्या! रोजची ड्यूटी झाली माझी."

बायका हसल्या. मी नाही हसले. मला रडू येत होतं, आणि रडण्याजोगं तुमच्यात काय आहे तेही कळत नव्हतं.

जमादाराने एक हिंदीत लिहिलेला कागद पुढे केला. मी अंगठा लावला. घरी आल्यावर तुम्हाला विचारलं, त्या कागदावर काय लिहिलंय हो? तुम्ही म्हणालात, "तुला काय करायचंय? लाव अंगठा आणि ये."

त्या दिवसापासून मी वाचायला शिकू लागले. हे तुम्हाला कधी कळलंच नाही! सुनीता शाळेतून आली की तिचं पुस्तक घ्यायचे, वाण्याकडचा कागद सपाट करून त्यावरची अक्षरं लावायचे. तुम्ही म्हणायचात, "काय गं, कलेक्टर व्हायचंय काय?" कलेक्टर नव्हतं व्हायचं. मला फक्त तो कागद वाचायचा होता. चार वेळा चावी आणली, चार वेळा अंगठा लावला. अक्षरं लागायला लागली होती, पण जमादार कागद पुढे करून लगेच ओढून घ्यायचा आणि माझं वाचन ओळीच्या मध्येच अडकायचं. म्हटलं, पुढच्या खेपेला पुरं करीन.

पण पुढची खेप आलीच नाही. तुम्ही डुप्लिकेट चावी करून घेतली होती.

तुम्ही एकटेच नव्हता म्हणा. बाजारातल्या चावीवाल्याकडे तेव्हा सगळ्यांची तीच वर्दळ. एक चावी जमादाराला द्यायला, एक मोज्यात नाहीतर खिशात. जमादारापुढे हात जोडायचे, "चुकलो साहेब," म्हणत चावी द्यायची, गाडी कडेला लावायची, चहाच्या टपरीमागे थांबायचं आणि त्याची पाठ वळली की दुसरी चावी घालून पसार. एवढं डोकं कारखान्यात चालवलं असतंत तर सुपरवायझर झाला असतात!

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तुम्ही तेच केलंत आणि वळणावर उभ्या असलेल्या ट्रकवर जाऊन आदळलात.

दिवसकार्याला तुमचे बारवाले मित्र आले. "देवमाणूस होता, वहिनी," म्हणाले आणि तिथून उठून त्याच बारमध्ये तुमच्या आठवणीत बसले. त्यांना तुमची आठवण यायला बाटली लागते. मला लागत नाही, हेच माझं दुखणं आहे.

छगन जमादारही आला होता. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. "बेन, मी चावी घेतली होती. माझ्याकडे चावी होती." एवढंच पुन्हा पुन्हा. मी त्याला पाणी दिलं. एका शब्दाने त्याचं ओझं उतरवता आलं असतं, आणि मी तो शब्द बोलले नाही. पुढे त्याची बदली झाली.

तो शब्द आज तुम्हाला सांगते. तुमच्याखेरीज कोणाला सांगू?

मला माहीत होतं. तुमचा निळा शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात ती चकचकीत नवी चावी हाताला लागली. काय आहे ते मला बघताक्षणी कळलं. विहिरीत टाकता आली असती, जमादाराला नेऊन देता आली असती. मी शर्ट धुतला, वाळवला, घडी केली आणि चावी पुन्हा खिशात घातली.

का? कारण मला त्या बाकावर पुन्हा बसायचं नव्हतं. म्हटलं, ह्यांना दुसरी चावी असेल तर निदान मला तरी पदर ओढून तिथे जावं लागणार नाही. तुमच्या जिवापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली. तुमचा जेवढा तिटकारा येतो ना, त्यातला एक वाटा मी रोज माझ्यासाठी काढून ठेवते.

आज चौकीत गेले तर बाक तोच. जमादार नवा आहे, पण रीत तीच चालू आहे आणि कागदही तोच. माझ्याआधी एक कोवळी पोर उभी होती, आपल्याच खानदेशातली, नवरा किलवणीच्या कारखान्यात. तिचा अंगठा शाईत बुडवून झाला होता. मी म्हटलं, "थांब गं," आणि कागद ओढून घेतला. सहा वर्षांनी ती ओळ पुरी वाचली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"आइंदा मेरा पति शराब पीकर गाड़ी नहीं चलाएगा, इसकी ज़िम्मेदारी मेरी।"

ऐकलंत? पिणार तुम्ही, चालवणार तुम्ही, आणि जिम्मेदारी अंगठ्याची!

पोरीने माझ्याकडे बघितलं, मग जमादाराकडे. "मंग तो काय लिखी देस?" तिने विचारलं. म्हणजे नवरा काय लिहून देतो?

बाकावरची एक म्हणाली, "तो? तो बिल देतो, बारवाल्याला."

पोरीने अंगठा भिंतीला पुसला. "त्याले सांगा, सोता ये," म्हणाली आणि चावी खिळ्यावर तशीच सोडून निघाली. जाताना चालत नव्हती, धावत होती. भीती वाटली असेल घरी काय होईल म्हणून. मी तिच्याबरोबर तिच्या दारापर्यंत गेले.

परत येऊन तुमची चावी घेताना मी कागदावरची ती ओळ खोडली, खाली 'चावी मिळाली' लिहिलं आणि सही केली. जमादार म्हणाला, "मावशी, असं खोडता येत नाही." मी म्हटलं, "खोडलं ना!"

ट्रकखालून काढलेल्या तुमच्या गाडीला ती दुसरी चावी तशीच होती, ती मी तेव्हाच ठेवून घेतली. म्हणजे आता दोन्ही माझ्याजवळ आहेत.

आता वचन देते, आणि तुमच्यासारखं देत नाही. चौकी कुठेही जावो, दर सोमवारी सकाळी मी तिच्या बाकावर जाऊन बसणार. येईल त्या बाईला तो कागद वाचून दाखवणार, शाई लागायच्या आधी. आणि मग तिला हळूच विचारणार, "नवऱ्याचे खिसे बघतेस ना, बाई? त्यात काही सापडलं तर पुन्हा आत घालू नकोस." का, असं तिने विचारलं तर तुमच्या दोन्ही चाव्या तिच्या हातावर ठेवीन आणि सांगीन, यातली एक मी घातली होती.

जिचा अंगठा चार कागदांवर आहे ती,
कमल