पित्तराचं पान

२१ एप्रिल २०२५, धनज

आलो एकदाचा बदलीवर! सांगलीत सगळ्यांनी घाबरवून सोडलं होतं, वाशीम जिल्ह्याच्या उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो म्हणे. निघतोय खरा, पण खोली झकास मिळाली. गुरांच्या दवाखान्यापासून दोन पावलांवर, सोजरबाईंच्या घरातली पुढची खोली. बाईंचे यजमान वारले आहेत. मुलगा मुन्ना शेती बघतो, मुलगी साधना कारंज्याला कॉलेजात जाते. भाड्याचं विचारायला गेलो तर आधी चहा पुढे आला. "उदयभाऊ, तुमी आले तं घरात मानूस आल्यावानी वाटून राह्यलं," असं म्हणाल्या. मंजुषाला फोनवर सांगितलं, तर बायकोच ती, म्हणाली फार माणसात जाऊ नका, बदलीचा अर्ज टाकायचाय. रुचिकाने विचारलं, पप्पा, तिथे वाघ आहे का? म्हटलं, म्हशी आहेत.

२५ एप्रिल

या घरात शालिग्राम सोडून दुसरा विषय नाही. सोजरबाईंचे यजमान. ट्रकवर ड्रायव्हर होते. दिवाळीनंतर ओडिशात एका ढाब्यावर खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. सगळा देश पालथा घातलेला माणूस! गुवाहाटीचा गमछा मुन्नाच्या गळ्यात असतो. काश्मीरचे अक्रोड अजून डब्यात आहेत, कोणी फोडत नाही. साधनाच्या वाढदिवसाला कुठूनही फोन यायचाच. एकदा रेंज मिळेना म्हणून गाडी लावून अख्खी टेकडी चढून गेले होते. पण घरी यायचे ते एका रात्रीपुरते. फाट्यावर ट्रक उभा करायचे आणि पोरं उठायच्या आत पसार. संसाराला पंचवीस वर्षं झाली, पण सलग आठ दिवस ते घरात राहिलेले सोजरबाईंना आठवत नाहीत. भला माणूस असणार. नुसतं ऐकूनच त्याला भेटल्यासारखं वाटतं.

३० एप्रिल

आज पोट फुटेस्तोवर जेवलो. अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्याच्या नावाने एखाद्या पुरुषाला पान वाढतात. तो पित्तर. त्याने खाल्लं की गेलेल्याला पोचलं. सोजरबाईंनी मलाच बसवलं, कारण शालिग्राम माझ्याच वयाचे, बांधाही तसाच. मी पडलो खादाड, नाही कशाला म्हणतोय? पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं हाणलं. तिघंही माझ्या घासाघासाकडे बघत होते. साधनाला रडू आवरेना. जेवण झालं की पित्तराच्या हातावर पाणी घालून त्याला उंबऱ्याबाहेर पोचवायचं असतं, पण मी तर घरातलाच भाडेकरू, जाऊन जाऊन जाणार कुठे? सगळे हसले आणि ते राहूनच गेलं.

४ मे

गंमत आहे. मला मोटारसायकलपलीकडे काही चालवता येत नाही, पण दवाखान्यात खुर्चीवर बसलो की डावा पाय आपोआप क्लच दाबायला जातो. आज एक जण म्हैस घेऊन आला, तर मी त्याला सिलिगुडीच्या पुढचा घाट भरल्या गाडीने कसा उतरायचा ते समजावत बसलो. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मी नागपूरच्या पुढे कधी गेलेलो नाही. ऐकून ऐकून डोक्यात बसलं असेल म्हणावं, तर हा घाट मला कोणी सांगितला?

८ मे

सोजरबाई आता मला भाऊ म्हणत नाहीत. अहो म्हणतात. मला तिखट सोसत नाही, तरी आज ठेचा दोनदा मागून घेतला.

दुपारी एका लहान मुलीचा फोन आला. कोण ते कळेना. ती पप्पा, पप्पा करत होती. माझी रुचिका! तिचा चेहरा आठवायला मला फोनमधला फोटो काढावा लागला. मी फार घाबरलोय. रजा टाकून सांगलीला जातो.

१० मे

बॅग घेऊन फाट्यावर गेलो. एसटी आली. चढलो, तिकीट काढलं, खिडकीशी बसलो. मग एकदम पायाखाली याच घराचा उंबरा. हातात साधनासाठी घेतलेले खारे शेंगदाणे. सोजरबाईंनी बॅग आत नेली आणि म्हणाल्या, या वेळी लवकर आलात.

१२ मे

पुंजाजींना गाठलं. शालिग्रामचे जुने दोस्त. गावात तेवढेच एक मला बघून नजर चुकवतात. त्यांनी सांगितलं, पाणी दिल्याशिवाय पित्तर जात नाही. जिने बोलावलं तिनेच पाणी घालायचं आणि नाव घेऊन जा म्हणायचं. ज्याचं नाव घेईल तो जाईल.

सोजरबाईंचे पाय धरले. रडलो. मला लहान पोर आहे हो, म्हणालो. त्याही रडल्या. "माह्या वाट्याले ते कधी आलेच नाही. आता कुठं घरी राह्यले. कायले धाडू?"

१४ मे

मंजुषा रुचिकाला घेऊन निघालीय. उद्या पोचेल. तोवर मी टिकलो पाहिजे — रुचिका दुसरीत आहे — की तिसरीत —

मुन्ना आणि साधना आईशी भांडले. आपला बाप मेला, त्या पोरीचा जिता आहे, असं साधना म्हणाली. शेवटी सोजरबाई कबूल झाल्या. उद्या सकाळी. देवा, उद्याची सकाळ —

१५ मे

अंगणात पाट. मी हात पुढे केले. पाणी पडायला लागलं. सोजरबाईंनी तोंड उघडलं — नाव निघेना. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलेलं नाही. पुंजाजी ओरडले, घे. साधना गयावया करत होती, आई, म्हण ना. तांब्यातलं पाणी संपत आलं —

आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, "जा आता, उदयभाऊ."

मी ओरडलो, मी नाही, मी नाही — आवाजच फुटला नाही —

मी उदय. मंजुषाचा नवरा. रुचिकाचा — सांगलीला आमचं — मी उद —

दुपारी

ऊन लय हाये. घरी बरं वाटून राह्यलं.

फाटकात एक बाई उभी हाये, संग लहान पोरगी. बाई रडून राह्यली. कोनाची, कोठची, मले ठाऊक नाही. सोजरले इचारलं तं ती मान वर करत नाही.

पोरगी पळत आली. पायाले मिठी मारली. पप्पा म्हनते मले. सोडतच नाही. येवढ्या उन्हात चप्पल बी नाही तिच्या पायात. म्या तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हटलं, बाई, रडू नको, तुहा बाप कुठं —