आईचे पुढचे चार दात

प्रिय वर्षाली,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज मी तीनदा लिहून तीनदा पुसला, म्हणून हे पत्र. ओंकारच्या हाती देत नाही. तो वाटेतच फोडेल, माझा भाऊ मला माहीत आहे. तुम्ही मोशीला राहायला गेलात त्याला दोन महिने होत आले. घरात आता आई आणि कायमचा माहेरी मुक्काम ठोकून बसलेली तुझी ही नणंद, एवढ्याच. सकाळी तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तास जातो, संध्याकाळी महाळुंग्याच्या कंपन्या सुटतात त्यात दुसरा. घरी आल्यावर बोलायचंही त्राण उरत नाही. आई ताट वाढते आणि तोंडाला पदर लावून समोर बसते. हसायचं तर तिनं सोडूनच दिलंय.

दिवसभर लॅबमध्ये मी दातच करत असते. प्रिंटरमध्ये थरावर थर चढून दात तयार होतो, तो धुवायचा, मग निळ्या लाइटच्या पेटीत ठेवायचा. तिथे तो पक्का होतो. आईचे वरचे पुढचे चार मीच केले, रंगही मीच निवडला. चाकणच्या डॉक्टरांची एकच अट होती, मशेरी बंद. चाळीस वर्षांची सवय! पहिले पंधरा दिवस ती कशी चिडचिड करायची, तूच तिला बडीशेपेची डबी भरून द्यायचीस. आणि चार महिन्यांत दात पिवळे पडले, कडा झिजल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात दातांतलं कळणारी मी. मी म्हटलं, मशेरीच, दुसरं काय असणार? किती सहज म्हटलं गं.

पुढचं तुला माहीतच आहे. ओंकारने तिची ट्रंक उपसली. आई आपली, "न्हाई लावली रे, आमी खोटं कशाला बोलू," म्हणत राहिली, आणि कुणी ऐकेना तेव्हा तिनं ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तू लेकीला ओढून घेतलंस. मला तुझा राग आला नव्हता, आजही नाही. आपल्या पोरीच्या डोक्यावर कुणी खोटी शपथ घेतेय असं वाटल्यावर कुठली आई गप्प बसेल? पण तुम्ही मोशीला गेलात तेव्हापासून नात आजीकडे फिरकलेली नाही. आई तक्रार करत नाही. ईश्वरी जायची ती शाळेची बस गेली की नुसती दारात उभी राहते, आणि मग मी तिच्यावरच खेकसते.

मागच्या महिन्यात लॅबमध्ये सरांनी मटेरियलचा रंग किती टिकतो ते बघायला चकत्या छापून चहात आणि हळदीच्या पाण्यात भिजत घातल्या. त्यात आईच्या दातांच्याच मटेरियलच्या दोन मी माझ्या मनाने टाकल्या. एक पेटीत पूर्ण वेळ ठेवलेली, दुसरी निम्म्या वेळात काढलेली. पंधरा दिवसांनी पहिली जराशी मळकटली होती. दुसरी थेट आईच्या दातांच्या रंगाची, आणि ब्रशने घासली तर कड झिजायला लागली. मशेरीचा तिथे कणही नव्हता.

तुला वाटेल, निम्म्या वेळात कुणी काढतं का? मी काढले होते. त्या दिवशी हिंजवडीच्या क्लिनिकचं काम पेटीसाठी ताटकळत होतं. घरचं काम मधल्या वेळेत उरकायचं, ही आमच्याकडची रीत. गिऱ्हाइकाला थांबवत नाहीत, आईला थांबवतात. तिचे दात बाहेर काढले, नंतर परत ठेवीन म्हटलं, आणि राहून गेलं. शपथ खरी होती, वर्षाली. हे मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे आणि पंधरा दिवस मी तिच्यासमोर बसून जेवतेय. रविवारी ईश्वरीला घेऊन ये. तुम्हा सगळ्यांसमोर मी आईला सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, कारण ती ऐकून लगेच म्हणेल, जाऊ दे गं, दमली असशील. तिनं तसं म्हणायच्या आत कुणीतरी मला चार शब्द सुनावायला हवेत.

तुझीच,
जयमाला