लाल पट्टीखालचं ठिगळ

अण्णा, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच घराला रंग द्यायचा म्हणून कपाटावरचं तुमचं रिमोटचं विमान खाली काढलं, तर डाव्या पंखावर इस्त्रीनं चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म कडेनं सुटलेली. म्हटलं, तासभर बसून चिकटवून टाकू. आज चौथा दिवस आहे. इस्त्री तापवते, बंद करते, उठून चहा ठेवते आणि तो गॅसवर विसरते. आईचं दोनदा ओरडून झालं.

हे काम तुम्हीच शिकवलंत, तेही रागावून रागावून. स्वयंपाकघरातला ओटा रिकामा झाला की तुम्ही त्यावर पंख आडवा ठेवायचात, आणि मी इस्त्री हातात घेतली की तुमचं सुरू. "दाबू नको, फिरव. एकीकडून ताणलं की पंखाला पीळ पडतो." एकदा ठिगळाचे कोपरे गोल कापले नाहीत म्हणून तुम्ही ते माझ्यासमोर उपटून टाकलंत. "टोक राहिलं की तिथूनच सुटतं, लई वेळा सांगितलं." मी रुसून जेवले नव्हते. तुम्ही काही पोटात ठेवणारे नाही, असंच मी आजवर धरून चालले.

मग एका शनिवारी तुम्ही कारखान्यात गेला असताना मैत्रिणीला दाखवायला मी विमान खाली घेतलं, तेव्हा पंख कूलरच्या कोपऱ्याला लागला. खालची फिल्म वीतभर फाटली. मी डिंकानं कडा जुळवल्या आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी रविवार. छावणीतल्या मैदानावर विमान वर गेलं, एक चक्कर झाली, दुसरीत पंखाखाली फिल्म फडफडताना मला दिसली. पंख झुकला तो झुकलाच, आणि विमान जमिनीवर आदळलं. तुमचे दोस्त धावले. "हवा लगी होगी, साब."

"हवा नाय," तुम्ही म्हणालात. "माझाच हात चुकला."

महिनाभर खपून तुम्ही ते जोडलंत, पंखाखाली नवी लाल पट्टी लावलीत आणि कपाटावर ठेवून दिलंत. पुन्हा कधीच उडवलं नाहीत. "हात चालंना तर कशाला असले शौक," आई पाहुण्यांसमोरही म्हणायची, आणि तुम्ही हसायचात. पट्टी मला शोभेची वाटायची.

आज फिल्म नीट बसावी म्हणून मी ती उचकटली. खाली गोल कोपऱ्यांचं ठिगळ, आणि त्याच्या कडेला माझ्या डिंकाचा पिवळा ओघळ. फिल्म लावण्याआधी स्पिरिटनं सगळं पुसून घेणाऱ्या माणसाला तो दिसला नाही, असं होणार नाही. कधी कळलं तुम्हाला? तुकडे गोळा करताना, की नंतर ओट्यावर? मैदानातच कळलं असेल तर सगळ्यांदेखत तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत. नंतर कळलं असेल तर बोलायला पुढची कितीतरी वर्षं होती. मला तुमचा राग येतोय, अण्णा. तुम्ही ओरडला असतात तर मी दोन दिवस रडले असते, आणि तिसऱ्या दिवशी आपण नवा पंख करायला घेतला असता. निदान तुमचं उडवणं तरी सुटलं नसतं.

मघाशी आई येऊन बसली. आता तिला कमी दिसतं. पंखावरून हात फिरवत म्हणाली, "त्यांना बिचाऱ्यांना हे कधी जमलंच नाय. पट्टी का काढली गं? काय निघालं खाली?"

मी "काही नाय" म्हणाले.